मादीचा प्रतिसाद

कोळीताई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि ताईंनी ते बिनतक्रार वापरात आणलं होतं. प्रयोगशाळेत जागा पुरेना, तेव्हा मादी कोळ्याची बरणी त्यांनी घरी आणली. घरात जागाच जागा होती.

नर कोळी पाय आपटून मादीला बोलावतो. ती थरथर माणसाला ऐकू येत नाही. ताई तिचं रेकॉर्डिंग रोज दुपारी चारला यंत्रातून बरणीखालच्या, भिंतीत ठोकलेल्या फळीत सोडत आणि हेडफोन लावून बसत. या जातीची मादी मुकी, असं पुस्तकं सांगत. आठवडाभर उत्तर नाही. ताईंनी जोर वाढवला, मग आणखी वाढवला. नवव्या दिवशी उत्तर आलं. चार ठोके, बरोबर दोन सेकंदांनी.

मग रोजच येऊ लागलं. ताई चारच्या आधी केस विंचरून बसू लागल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या शोधनिबंधावर त्यांचं नाव सर्वांत आधी येणार होतं.

"इतका शिस्तीचा कोळी जन्मात पाहिला नाही," विभागप्रमुख फोनवर म्हणाले. "मादीचा फोटो तेवढा पाठवा, की निबंध परिषदेला गेलाच समजा."

फोटोसाठी ताईंनी झाकण काढलं. आत मादीची कात होती. आठ पाय, अंगावरची लव, सगळं जागच्या जागी. फक्त मादी नव्हती. झाकणाची जाळी एका कोपऱ्यात उसवली होती.

तेवढ्यात चार वाजले. ताईंनी सवयीने हेडफोन लावले. यंत्र आपोआप सुरू झालं, आणि रिकाम्या बरणीतून चार ठोके आले.

ताईंनी हेडफोन काढून फळीमागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि जाऊन शेजारचं दार वाजवलं. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ एकटेच राहत. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी दार उघडलं.

"भिंत तुम्ही ठोकता?"

"सुरुवात तुमची, बाई. आधी वाटलं, खिळा मारताय. पण रोज चारला कोण खिळा मारतं? म्हटलं, कुणी बोलावतंय, तर ओ द्यावी."

"ते मी नव्हते. नर कोळी होता."

त्यांनी भिंग काढलं. "म्हणजे इतके दिवस मी कोळ्याला...?"

"आणि मी कातीला," ताई म्हणाल्या.

"बरं," म्हणत त्यांनी दार हळूच लावलं.

निबंध ताईंनी मागे घेतला. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद होतं, बरणी धुऊन पालथी घातलेली. चार वाजले. ताई बराच वेळ भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मग बोटाच्या पेरांनी चार ठोके दिले.

दोन सेकंद गेले. तीन. चार.

सातव्या सेकंदाला उत्तर आलं.

ताईंनी वही उघडून नोंद केली : 'विलंब पाच सेकंद. कारण बहुधा संकोच. प्रयोग चालू ठेवावा.'