थोमाबाबांना वरनं कळतं

थोमाबाबांनी डोळे मिटले की आमच्या ख्रिस्ती वाडीतल्या बायका चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवत. ते डोळे लवकर उघडायचे नाहीत, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. प्रार्थनासभेत पाळकसाहेब थोडक्यात मागून मोकळे होत. मग थोमाबाबा घसा खाकरत आणि वाडीतल्या एकेका घरासाठी देवाकडं बुद्धी मागायला लागत.

"हे दयाळू बापा, त्या मार्थाबाईला बुद्धी दे. तिची कोंबडी रोज माज्या मिरच्या उकरती. कोंबडीला बुद्धी न्हाय हे मी समजून घेतो, पर मार्थाबाई तर तुजं लेकरू हाय!"

मार्थाबाई शेजारीच गुडघे टेकून बसलेली. दुसऱ्याच्या प्रार्थनेत उलट बोलायची सोय नाही. ती दातओठ खाऊन ऐकायची आणि आपली पाळी आली की थोमाबाबांच्या बकरीसाठी बुद्धी मागायची. आमच्या वाडीतली निम्मी भांडणं अशी देवामार्फत चालत. मी मुलींच्या शाळेत शिकवायची, तर माझ्यासाठी मागणं ठरलेलं. "त्या मास्तरीणबाईच्या जिभेला जरा लगाम घाल, बापा. लई चुरूचुरू बोलती." आता तुम्हीच ठरवा, लगाम बसला की नाही ते.

थोमाबाबा मूळचे वळसंगचे. सारी उमर सोलापुरात गिरणीत जॉबर म्हणून, कामगारांवरचा मुकादम म्हणून काढली. नाव येशूच्या त्या शंकेखोर शिष्याचं, पण यांना शंका म्हणून कसली ती नाही. "शास्त्रात लिवलंय की," ते म्हणत, "बुद्धी कमी पडली तर देवाकडं मागावी, पर संशय धरू नये. मी धरतच न्हाय. म्हणून मला वरनं कळतं."

वरनं कळलंय! वाडीत उठता-बसता हेच ऐकू यायचं. "आज वांगी घेऊ नका, वरनं कळलंय." वांगी खरंच किडकी निघत. अहो, मंगळवार बाजारातली उन्हाळ्यातली वांगी किडकीच असतात, ते कळायला वर कशाला जायला हवं? एकदा पाऊस येणार असं वरनं कळलं म्हणून यांनी साऱ्या वाडीला वाळत घातलेले पापड उचलायला लावले. थेंब पडला नाही. मी विचारलं, "काय हो बाबा?"

"त्यात बी त्येचा हेतू हाय," बाबा म्हणाले. "धूळ बसली असती पापडावर."

आम्ही पोट धरून हसायचो. रिबकाच्या वेळी मात्र कुणाला हसू आलं नाही.

रिबका ही त्यांची एकुलती एक लेक. तिची आई लवकर गेली आणि बाबांनीच तिला वाढवलं. गिरणीतून आले की ओट्यावर बसून तिची वेणी घालत, तीही इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर चढत. माझ्याच वर्गात शिकली ती. मोठी झाल्यावर साखर पेठेतल्या नरसय्याशी लग्न करीन म्हणाली. नरसय्या तेलुगू विणकराचा मुलगा, कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. फक्त ख्रिस्ती नव्हता.

"बाबा, तुमी देवाला विचारा," रिबका म्हणाली. "मी बी विचारते."

बाबा खोलीत जाऊन दार लावून बसले. आम्ही सगळे ओट्यावर ताटकळत. शेवटी बाहेर आले आणि म्हणाले, "वरनं कळलंय. न्हाय."

"मला व्हय असं कळलं, बाबा."

"तुला कोन सांगतंय? पोरीबाळींना वरनं कळायला लागलं तर आमी कशाला हाय?"

रिबका गेली. लग्न केलं. चर्चच्या मंडळीची सभा बसली, तिला मंडळीबाहेर काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर झाला तो थोमाबाबांचा. असा राग आला मला त्या हाताचा! पुढं प्रत्येक सभेत ते मार्थाबाईसाठी मागत, तिच्या कोंबडीसाठी मागत, पण रिबकाचं नाव काही ओठांवर येत नव्हतं.

काही वर्षांनी सोलापुरातला विणकामाचा धंदा बसला आणि नरसय्याचं कुटुंब मुंबईला निघालं. भर दुपारी वाडीच्या फाटकाशी टांगा थांबला. मी माझ्या ओट्यावर तूर निवडत होते, बाबा त्यांच्या ओट्यावर बसलेले. कडेवर पोर घेऊन रिबका अंगणात आली, पण पायरी चढली नाही.

"बाबा, आमी कायमचं मुंबईला चाललो. तुमी म्हणालात तर घटकाभर आत येते. ह्याच्या डोक्यावर हात तरी ठेवा."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. ओट्याच्या कडेला सरकले. मला वाटलं, आता उठतील. आणि या माणसानं डोळे मिटले!

"थांब," म्हणाले. "विचारतो."

अहो, नातवाला जवळ घ्यायला विचारायचं कुणाला आणि कशाला? रिबका उन्हात उभी. पोर रडायला लागलं. टांगेवाला ओरडला, "चलो अम्मा, गाडी छूट जायेगी!" माझ्यानं राहवेना. "बाबा, डोळे उघडा!" मी किंचाळले. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, गप्प राहा म्हणून. तोच तो हात. रिबकानं तो पाहिला, पदर तोंडाला लावला आणि वळली. मी धावले, पण फाटकाशी पोचेपर्यंत टांगा निघाला होता.

मागं वळून पाहते तो बाबा दोन्ही हात पसरून उभे. डोळे नुकतेच उघडलेले, चेहरा उजळलेला.

"ये गं माजे आई, आत ये," ते म्हणाले.

अंगणात मार्थाबाईची कोंबडी होती.

अनवाणी धावले म्हातारे स्टेशनापर्यंत. गाडी सुटली होती. दुसऱ्या दिवशी साखर पेठेत पत्ता विचारायला गेले. नरसय्याची म्हातारी आत्या तिथं मागं राहिली होती, रहाटावर सूत भरत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "तुमाला वरनं कळतंय म्हणे," ती म्हणाली. "तिकडंच विचारा की."

तिथून परत आले ते माझ्या पायरीवर येऊन बसले. मी रागानं धुमसत होते. म्हटलं, "काय कळलं मग काल वरनं?"

"ये म्हण. एवडंच," बाबा म्हणाले. मग पायाच्या फोडांवरची धूळ झटकली. "बाई, खरं सांगू? कालच पयल्यांदा कळलं. आदी कदी काय कळलंच न्हवतं. मीच बोलायचो."

"रिबकाच्या लग्नाच्या वेळचं?"

"ते बी माजंच."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! मी आत गेले आणि त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी आणलं.

सभा आजही होते. थोमाबाबा आता कुणासाठी बुद्धी मागत नाहीत. मार्थाबाईला चुकल्याचुकल्यासारखं होतं. सगळे डोळे मिटतात तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसून ओठ हलवतात आणि डोळे टक्क उघडे ठेवतात. पोरं खुसखुसतात. मागं एकदा पाळकसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "थोमाबाबा, ही काय रीत झाली? डोळे मिटून मागावं माणसानं."

"मागतो की, साहेब," बाबा म्हणाले. "पर दाराकडं बघत मागतो."