दादारावांची बसपाळी

ज्या दिवशी सरकारी बस भरलेली दिसणं सगळ्यांत गरजेचं होतं, त्याच दिवशी मी ती रिकामी केली. एकट्यानं, कुणाची मदत न घेता. वर लोकांचे आभारही स्वीकारले.

एक प्रवासी तेवढा माझ्या हातून सुटला. दादाराव.

दादाराव म्हणजे बोरवस्तीचे निवृत्त वनमजूर. वय पंचाहत्तरच्या पुढं, पाय सागाच्या सोटासारखे. किनवटच्या जंगलात उभा जन्म चालत गेला. रोज सकाळी नवाच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर बसायचे, हातात एक लिंबू घेऊन. किनवटच्या स्टँडवर उतरायचे, नळाचं पाणी प्यायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. संध्याकाळच्या फेरीला पुन्हा तेच. काम काही नाही. लिंबू नजर लागू नये म्हणून असणार, असं मी बायकोला समजावून सांगितलं होतं. मी शिक्षक आहे, मला कुठलीही गोष्ट समजावून सांगता येते.

ही गाडी सहजासहजी आलेली नव्हती. अकरा वर्षं दादारावांनी अर्ज केले. आधी वस्त्या जोडायच्या योजनेतून डांबरी रस्ता झाला. मग गाडी मंजूर झाली, पण एका अटीवर. मजुरांच्या वस्तीची गाडी, तिचा तोटा सरकार सोसेल. मात्र तीन महिने शिटं भरलेली दिसली पाहिजेत, नाहीतर बंद. त्या पत्रात शब्द होते, ‘प्रायोगिक तत्त्वावर’. दादारावांना ते असे काही आवडले की ते सगळ्यालाच लावू लागले. नवी कोंबडी प्रायोगिक तत्त्वावर. सुनेनं बदललेली चहापत्ती प्रायोगिक तत्त्वावर. शेजारच्या काशीबाईचा जावई लग्नाला सहा वर्षं झाली तरी प्रायोगिक तत्त्वावर, आणि याबाबतीत काशीबाईचंही दुमत नव्हतं.

मी मूळचा औशाचा. बदली होऊन इथं आलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, येऊन-जाऊन करणार का मुक्कामी?”

मी छाती काढून म्हणालो, “मुक्कामी!”

त्यांचा चेहरा पडला. “म्हंजे रोजची दोन शिटं गेली.”

विहिरीच्या पाण्याला जशी पाळी असते तशी दादारावांनी वस्तीत बसला पाळी लावली होती. नवरा-बायको एकत्र बाजाराला निघाले की ते मधे आडवे. “दोघं एकाच दिशी कामून जाता? आज तू जा, उद्या तिला धाड. तिला तर अर्धंच तिकीट हाय.” तिघा भावांना कटिंग करायची असली तर तीन वेगवेगळे दिवस. एकदा तर पाहुणे मुलगी बघायला येणार होते, त्यांनाच निरोप गेला: जीप करू नका, गाडीनं या, आणि जमलं तर परत जाऊन पुन्हा या.

मला त्यांनी किनवटला सुई आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दोरा.

“काल दोन्ही आणलं असतं की बाबा,” मी म्हणालो.

“आनलं असतं. आन् आजचं शीट कोन भरलं असतं? तुमचा मेव्हना?”

मेव्हण्याचं नाव त्यांनी काढायला नको होतं. कारण पुढच्याच आठवड्यात माझा मेव्हणा लातूरहून नवीकोरी पिकअप घेऊन आला आणि मुक्कामाला राहिला. सकाळी तो किनवटमार्गे परत निघाला. मलाही किनवटला शाळेचं सामान आणायचं होतं. थांब्यावर हायस्कूलच्या सात पोरी दप्तरं घेऊन उभ्या, बाजाराच्या बाया टोपल्या घेऊन उभ्या. माझं मन भरून आलं. भरायचं काही कारण नव्हतं, गाडी दहा मिनिटांत येणार होती. पण भरून आलं.

“चला, बसा सगळे! फुकट!”

काशीबाई सगळ्यांत आधी चढली. पोरी जरा चुळबुळल्या, “पण दादाराव आजोबा…” मी म्हणालो, “त्यांना मी सांगतो.”

ते तेव्हा शाळेच्या आवारातल्या झाडाचं लिंबू तोडायला गेले होते. पिकअप वळणाला लागली तेव्हा ते मागून धावत येताना आरशात दिसले. दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, टाटा करताहेत. मीही हात बाहेर काढून केला.

नवाच्या गाडीत त्या दिवशी डेपोचे साहेब बसून आले होते. शिटं मोजायला.

मला हे कळलं संध्याकाळी. मेव्हणा आम्हाला किनवटला सोडून पुढं लातूरला गेला होता. त्यामुळं परतीच्या गाडीत मी, पोरी, बाया, टोपल्या आणि काशीबाईनं विकत घेतलेल्या दोन कोंबड्या, असे सगळेच घुसलो. उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या शिटावर एक साहेब वही घेऊन बसलेले. त्यांच्या शेजारी दादाराव, डोळे मिटून, नाकाशी लिंबू धरून. चेहरा राखेसारखा.

“बाबांना काय झालं?” मी कंडक्टरला विचारलं.

“तुम्हाला ठावं न्हाई? त्यांना गाडी लागते. पयल्या दिवसापासून. रोज पिशवी घेऊन बसतात.” कंडक्टरनं आवाज खाली आणला. “आज तर दिवसभर गाडीतून उतरलेच न्हाईत. साहेब दुपारीच ‘एका म्हाताऱ्यासाठी गाडी चालून राहिली’ असं लिहून जाणार होते. हे म्हनले, साहेब, सांजची फेरी बघूनच लिवा. मी उतरलो की तुमी उतरा. बाकीच्या गावच्या फेऱ्या बी केल्या आमच्यासंगं. चार वेळा ओकले, पन साहेबाच्या बाजूचं शीट सोडलं न्हाई.”

साहेबांनी मान मागं वळवून गर्दी पाहिली, कोंबड्या पाहिल्या, आणि वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं.

वस्तीत उतरल्यावर दादाराव थांब्याच्या ओट्यावर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

“बाबा, एवढी लागते तर कशाला बसता हो गाडीत? कुठं जायचं असतं तुम्हाला?”

“मला कुटं जायचंय?” ते म्हणाले. “मला गाडी आवडत बी न्हाई.”

दोन घोट पाणी प्यायले. समोरून त्या सात पोरी हसत-खिदळत घराकडं चालल्या होत्या.

“आमची चंद्रकला हुशार होती, गुरुजी. सातवी झाली. पुढची शाळा किनवटला, अकरा किलोमीटर. मी म्हनलो, त्यात काय, मी तर रोज येवढं चालतो, चल माझ्यासंगं. पंधरा दिस चालली. सोळाव्या दिशी म्हनली, बाबा, न्हाई होत.” लिंबू त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “मला वाटलं, चालायचा कटाळा करून राहिली. मी रागावलो तिला.”

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. चंद्रकलाचाच. लग्न करून ती लातूरकडं दिलेली. रोज याच वेळेला फोन करते, हे मला माहीत होतं. काय बोलते ते त्या दिवशी शेजारी बसल्यामुळं ऐकू आलं. तब्येत नाही, जेवण नाही. पहिलाच प्रश्न, “बाबा, आज किती शिटं?”

“फुल,” दादाराव म्हणाले. “उभं राहून आले लोक.”

महिन्याभरानं पत्र आलं. थांब्यावर सगळी वस्ती गोळा झाली, वाचायला अर्थातच मी. घसा साफ करून मी शेवटची ओळ दोनदा वाचली: फेरी कायम करण्यात येत आहे. पोरींनी टाळ्या वाजवल्या. दादारावांनी पत्र माझ्या हातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं.

मला वाटलं, या यशात आपलाही थोडा वाटा आहेच. त्या संध्याकाळची गर्दी शेवटी कुणामुळं झाली होती? मी तसं बोलूनही दाखवलं. शिवाय म्हणालो, “बाबा, आता तुम्ही घरी आराम करा. गाडीची काळजी माझ्यावर सोडा.”

काशीबाईनं टोपली खाली ठेवली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “गाडी कायम झाली, गुरुजी. तुमी अजून प्रायोगिक तत्त्वावरच हाव.”