सुमंतरावांना सुरण

एक रन झाली होती, तिथंच थांबायला काही हरकत नव्हती. पण समोरच्या टोकाचा रविराज ओरडला, "काका, दुसरी नको, झेपायची न्हाई!" आणि त्या 'काका'वर चिडून सुमंतराव पळाले.

साताऱ्यातल्या त्यांच्या कॉलनीची ही रविवारची टेनिस बॉल टीम. निम्म्यात पोचल्यावर सुमंतरावांच्या मांडीत मागच्या बाजूला काहीतरी टचकन तुटलं आणि ते आडवे झाले. (रनआउटही झाले. पण त्याचं दुःख करायला शुद्ध कुणाला होती?)

"हॅमस्ट्रिंग," फिजिओथेरपिस्ट समीक्षा मॅडम म्हणाल्या. "बसणं कमी. पालथं पडून व्यायाम करायचा."

तेव्हापासून सुमंतराव दिवाणावर पालथे. शेजारच्या भामाबाई बघायला आल्या.

"आवं, काय झालं म्हनायचं?"

"हॅमस्ट्रिंग," सुमंतराव उशीत बोलले.

"त्ये कुठं असतंय?"

परक्या बाईला मांडी कशी दाखवणार? सुमंतरावांनी मोघम हात मागे फिरवला. "इकडे... मागच्या बाजूला."

"बसवत न्हाई व्हय?"

"अजिबात नाही."

"लय वंगाळ दुखणं," भामाबाईंनी सुस्कारा सोडला. "आमच्या मालकास्नीबी हुतं."

संध्याकाळी त्यांच्याकडून सुरणाची भाजी आली. मूळव्याधीला सुरण देतात, हे सुमंतरावांना दुसऱ्या घासाला आठवलं आणि ठसका लागला.

"भामाबाई, मांडी आहे हो ही! मांडी!" ते खिडकीतून ओरडले.

"व्हय व्हय, मांडीच," पलीकडून समजूतदार आवाज आला. "लाजायचं न्हाई."

मग अख्ख्या गल्लीतून सुरण येऊ लागलं. कोरेगावच्या साडूंनी तर एसटीतून भलामोठा गड्डा पाठवला. मांडी हळूहळू सुधारत होती, पण घसा खाजून खाजून गेला आणि अब्रूची तर सालंच निघाली. त्यात ऑफिसातून राजवर्धनसाहेबांचा फोन.

"सुमंतराव, एकट्यानं सोसू नका," साहेब कुजबुजले. "मलाही आहे. आजवर कुणाजवळ बोललो नाही." आता 'मला नाही' म्हणायचं ते कोणत्या तोंडानं?

अखेर मांडी बरी झाली. सुमंतराव बूट घालून थेट मैदानावर गेले.

"पाय बरा झाला म्हणा की," रविराज अवघडून म्हणाला. "पण त्या दुसऱ्या दुखण्याचं काय, काका? स्कोअरर तरी केलं असतं तुमास्नी, पण त्याला बसाय लागतंय."

सुमंतराव डोळ्यांत पाणी आणून घरी परतले.

"भार्गवी, उद्या सगळ्यांना समीक्षा मॅडमचं सर्टिफिकेट दाखवतो! या भामाबाईंनी कुठं कुठं पसरवलंय बघ!"

"भामाबाईंनी फक्त गल्लीत सांगितलं," बायको कणीक मळता मळता म्हणाली. "कोरेगावला आणि ऑफिसात मी सांगितलं."

"तू? अगं, पण का?"

"मग काय सांगू? या वयात पोरांबरोबर हुंदडताना तंगडी मोडून घेतली म्हणून? मूळव्याध कुणालाही होते हो. चार माणसांत सांगता तरी येतं."