कातडं नातं विचारतं

सन एकोणीसशे ब्याऐंशी. मी पन्नाशीचा. शाळा दुसरीपर्यंत, काम प्रयोगाचे उंदीर सांभाळायचं, पण लातुरातल्या कॉलेजच्या उंदीरघरात मला उंदीर कधी चावला न्हाई. डॉक्टरांना चावायचे.

हे डॉक्टर मठपती, उदगीरचे. उंदरांना अहो-जाहो करत. "सरका बाई, पाणी बदलायचंय." लातूर नवाच जिल्हा झालेला, कलेक्टर आला, पाऊस काही आला न्हाई. टँकरची पहिली घागर उंदरांची, डॉक्टरांची आंघोळ तांब्याभर पाण्यात. भिंतीवर उंदरांच्या वीस पिढ्यांची वंशावळ. एकाचं कातडं काढून दुसऱ्याच्या पाठीवर लावायचे. परक्या घराण्याचं गळून पडे, घरच्याचं जगे. "कातडं नातं विचारतं, मामा," हे त्यांचं पालुपद.

घराणं एकजात राहावं म्हणून ते सख्ख्या भावाबहिणीचीच जोडी लावत. मी म्हणालो, "हे पाप हाय."

"मामा, हे शास्त्र हाय."

आमच्यात एका गोत्रात सोयरीक होत न्हाई, अन् हे? मला बघवलं न्हाई. तिसऱ्या पिंजऱ्यातला भाऊ उचलून वेगळा ठेवला अन् दुसऱ्या घराण्यातला जावई आणला. दोघंही पांढरेफेक. ओळखतंय कोण!

कातड्यानं ओळखलं. त्या जोडीच्या पिल्लाचं कातडं घरच्याच उंदरिणीला लावलं. दोन आठवड्यांत काळं पडून गळालं.

डॉक्टर वंशावळीपुढं खाली बसले. "भेसळ किती पिढ्या मागं झाली, कळायला मार्ग न्हाई. उद्या सगळं घराणं संपवावं लागंल."

चुकलो म्हणायची सवय मला कधीच नव्हती.

"मामा, माझी धाकटी बहीण स्टोव्हनं भाजली होती," ते भिंतीकडंच बघत म्हणाले. "मी मांडीचं कातडं दिलं. सख्खा भाऊ. तरी गळालं. मरायच्या आधी विचारत होती, दादा, तुझं का चालंना मला? तिला काय सांगू, ते इथं शोधायलोय."

मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. ते आले, तसं म्हणालो, "घराणं चोख हाय तुमचं. तिसऱ्या पिंजऱ्यात जावई मी आणला." त्यांनी काही बोलायच्या आत जावयाला बाहेर काढलं, अन् तिथल्या उंदरिणीच्या सख्ख्या भावाला माझ्या हातानं आत सोडलं.