टिपणीसकाकांची पास गाडी

टिपणीसकाकांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला चपला दाराशी नुसत्या काढून चालत नाही. त्या उलट्या करून काकांना दाखवाव्या लागतात. काका चष्मा कपाळावर चढवतात, तळव्यावरच्या नक्षीवरून अंगठा फिरवतात आणि खेदाने मान हलवून म्हणतात, "ग्रिप गेलीय. फेल मारतील."

कोण फेल मारतील, असं विचारायचं नसतं. पासिंगवाले. दुबईत गाडी जरा जुनी झाली की दर वर्षी तपासणीला न्यावी लागते. ती पास झाली तरच मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीचं कार्ड, पुढच्या वर्षासाठी मिळतं. आपण सगळे वर्षातून एकदा त्या रांगेत उभे राहतो, पास होतो आणि विसरून जातो. काकांनी मात्र उरलेलं सगळं जगही त्याच रांगेत उभं केलं होतं.

आम्ही अल कुसैसला एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. शशिकांत टिपणीस मूळचे सांगलीचे, साठीला आलेले, हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांचे जोड बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. कंपनीत तयार झालेला माल यांच्या टेबलावरून जायचा आणि त्यातला खोट असलेला माल हे परत पाठवायचे. थोडक्यात, या माणसाने जन्मभर 'नाही' म्हणायचा पगार घेतला. घरी येऊन एकदम 'हो' म्हणणं जमणार कसं?

बिल्डिंगच्या गणपतीत सगळे डोळे मिटून आरती म्हणत असताना हे माझ्या कानाशी पुटपुटले, "निरांजन वर तिरकं धरलंय. समोरच्याच्या डोळ्यांवर बीम जातोय. फेल." माझ्या मुलीच्या, सान्वीच्या, सायकलचा ब्रेक त्यांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि निकाल दिला. सान्वी म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ सायकल." काका तेवढ्याच गंभीरपणे म्हणाले, "बेटा, थांबता येत नसेल तर निघायचंच नाही." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या बाबतीतही किती कडक पाळलं होतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खाली जेवण पोचवायला येणारे बाइकवाले म्हणजे काकांची चंगळ. बिचारा रायडर पार्सल घेऊन लिफ्टमध्ये शिरला की हे त्याच्या बाइकभोवती प्रदक्षिणा घालायला लागायचे. तो खाली येईपर्यंत निदान तयार. "हबीबी, चेन ढिला है. पीछे का ब्रेक लाइट आगे का ब्रेक दबाने पे नहीं जलता. हँडल का कोनसेट भी गया. पासिंग में फेल मारेंगे." रायडर म्हणायचा, "चाचा, टाइम नहीं है, यल्ला बाय." मग काका त्याला थांबवून खिशातल्या पान्याने निदान आरसा तरी घट्ट करून द्यायचे. लोक खिशात रुमाल ठेवतात, हे पाना ठेवायचे.

या सगळ्याचं मूळ खाली पार्किंगमध्ये खांबाच्या आड उभं होतं. निळी मोटरसायकल, अंगावर कापडी झूल, झुलीवर चिमटे. काकांनी ती सेकंडहँड घेतली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. दर सुट्टीच्या दिवशी झूल निघायची, गाडी पुसली जायची, इंजिन चालू व्हायचं, काका कान लावून ऐकायचे, कपाळावर आठी पडायची आणि झूल परत चढायची. दर नोव्हेंबरात ती पासिंगला जायची आणि पहिल्या फटक्यात पास व्हायची. पेढे वाटायचे काका. मोटरसायकल पास झाली म्हणून पेढे वाटणारा माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा नसेल.

गाडी का घेतली, हे मला काकांच्या बायकोने, माधुरीकाकूंनी सांगितलं. काकू बोलक्या, पण कसं, तर अंगावर वारा आला की जास्त. लग्नानंतर सांगलीत काकांकडे मोटरसायकल होती. सुट्टीच्या दिवशी दोघं दंडोबाच्या डोंगरावर जायची. काकू साडीत, एका बाजूला पाय सोडून मागे बसायच्या आणि जाताना-येताना काकांच्या कानाशी अखंड बोलायच्या. "काय बोलायचे मी, कोण जाणे," त्या म्हणाल्या, "पण घरात सासूबाई होत्या, त्यामुळे सगळं गाडीवरच बोलून घ्यायचं." इथे आल्यावर कार आली. काचा बंद, एसी चालू. काकू खिडकीबाहेर बघत गप्प बसायला लागल्या. मूलबाळ नव्हतं, ओळखी नव्हत्या. एके दिवशी काका ही निळी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "हिवाळा येऊ दे. डोंगरातून पलीकडे खोरफक्कानला जाऊ. समुद्रावर डबा खाऊ. वाटेत बोल काय बोलायचंय ते."

हिवाळा आला. पण काकांना पुढच्या शॉकअपवर तेलाचा थेंब दिसला. ऑइल सील बदलेपर्यंत मार्च उजाडला, आणि मार्चनंतर इथे मोटरसायकलवर मागे कुणाला बसवणं म्हणजे तव्यावर बसवणं. पुढच्या हिवाळ्यात चेन. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मागच्या ब्रेकचा आवाज. काकू डब्याला थालीपिठं लावायच्या, काका खाली जाऊन गाडी सुरू करायचे आणि तोंड पाडून वर यायचे. "पुढच्या शुक्रवारी नक्की." मग सरकारने सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर आणली. काकांच्या बाबतीत एवढाच फरक पडला की 'पुढच्या शुक्रवारी'चं 'पुढच्या शनिवारी' झालं.

"अहो, पासिंगवाल्यांनी पास केलीय ना?" काकू म्हणायच्या.

"ते रोलरवर ब्रेक बघतात गं. घाटातला उतार कुठे बघतात?"

थालीपिठं आमच्याकडे यायची. आम्ही ती चवीने खायचो.

टायरांची तर वेगळीच शोकांतिका. इथल्या उन्हात रबर बसल्या जागी म्हातारं होतं, म्हणून पासिंगला टायर किती घासलाय एवढंच बघत नाहीत, त्याच्या कडेवर छापलेली बनण्याची तारीखही बघतात. ठरावीक वर्षं उलटली की संपलं. काकांनी दोनदा टायर न वापरता काढले आणि दोनदा नवे घातले. काढलेल्या टायरांवर नव्या रबराचे बारीक केस तसेच उभे होते. काकू त्या दिवशी मोठ्याने दिरहमचे रुपये करत होत्या, आणि काका टायरवरून हात फिरवत म्हणत होते, "बघ, जरासुद्धा घासला नाही." त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

गेल्या वर्षी कंपनीने सांगितलं, आता रिटायर व्हा. व्हिसा संपणार, बिऱ्हाड सांगलीला जाणार. त्याच वर्षी काकूंचे गुडघे संपावर गेले. आधी डावा, मग उजवा. जिना बंद, मांडी घालणं बंद, मोटरसायकलवर टांग टाकणं तर खलास. काकांनी गाडी विकायचं ठरवलं. अजमानचा एक ओळखीचा घ्यायला तयार झाला. पण गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर आधी पासिंग.

माझ्याही कारचं पासिंग आलं होतं, म्हणून आम्ही एकाच सकाळी गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढे मोटरसायकलवर, मी मागून कार घेऊन निघाले. तपासणीचा खानसाब त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता. लांबूनच हात करून म्हणाला, "आ गए अंकल." त्याने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला. मग मागच्या टायरपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"अंकल, फेल है."

मला वाटलं, थट्टा करतोय. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते हसले. खानसाबने टायरच्या कडेवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. तारीख उलटून गेली होती. एरवी या तारखा काकांना तोंडपाठ असत. पण ते सगळं वर्ष काकूंच्या गुडघ्यांत गेलं होतं. डॉक्टर, एक्सरे, शेकायच्या पिशव्या. झूलसुद्धा कित्येक रविवारी निघाली नव्हती.

"टायर तो नया है," खानसाब जरा अवघडून म्हणाला, "लेकिन पुराना हो गया." मग त्याने मीटरकडे पाहिलं. "अंकल, बुरा मत मानना. ये गाडी घर से इधर आती है और इधर से घर जाती है. और कहीं जाती ही नहीं. ऐसी अच्छी गाडी, चलाते क्यों नहीं?"

माझी कार पास होऊन आली, तोवर काका बाकावर जाऊन बसले होते. मी दोन करक चहा आणले. त्यांनी कप हातात धरला, प्यायला नाही.

"माझी चूक झाली गं," ते म्हणाले.

"काका, टायरच तर आहेत. आज बदलू."

"टायर नाही." ते समोरच्या रांगेकडे बघत होते. रांगेत डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या होत्या, ठोकलेल्या, चेपलेल्या, मडगार्डला चिकटपट्टी लावलेल्या. "एकटा असतो तर केव्हाच गेलो असतो. मी सांगलीत विनाब्रेकची सायकल चालवलेला माणूस आहे. पण मागे ती बसणार होती ना. परदेशात तिला माझ्याशिवाय कोण आहे? म्हटलं, सगळं नीट होऊ दे. एकही खोट राहायला नको." मग चहाकडे बघत म्हणाले, "तिचे गुडघे काही थांबले नाहीत."

मला या माणसाची आम्ही वर्षानुवर्षं केलेली चेष्टा आठवली. त्यांनी आयुष्यात एकाच बाईवर जीव टाकला आणि तिला द्यायचं सुख तपासत बसले. ते सुख चांगलं होतं. त्याला कसलीही खोट नव्हती.

टायर बदलले, गाडी पास झाली. या वेळी पेढे आले नाहीत. अजमानवाला शनिवारी संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता.

त्या दुपारी माझी बेल वाजली. दारात काका. एका हातात त्यांचं हेल्मेट, दुसऱ्या हातात अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असलेलं दुसरं. मागे काकू, काठी टेकत, चक्क साडीत.

"जरा खाली येतेस? हिला बसवायला हात लागेल."

वॉचमनकडून प्लास्टिकचं स्टूल आणलं. काकांनी हेल्मेट पिशवीतून काढून काकूंच्या डोक्यावर बसवलं, तर आतल्या स्पंजचा भुगा काकूंच्या केसांवर सांडला. न वापरता तेही म्हातारं झालं होतं. काकांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता 'फेल' म्हणतील आणि सगळे वर जाऊ. पण त्यांनी भुगा फुंकरून झटकला आणि पट्टा बांधला.

टांग टाकणं शक्यच नव्हतं. मी आणि वॉचमनने काकूंना स्टुलावरून उचलून मागे बसवलं, एका बाजूला पाय सोडून, दंडोबाला जायच्या तशाच. असं बसणं काकांच्या शास्त्रात थेट गुन्हा होता. एखाद्या रायडरच्या मागे कुणी असं बसलं असतं तर काका त्याला रडवल्याशिवाय सोडते ना.

"धरलंस का नीट?"

"धरलंय. चला आता."

गाडी पहिल्या गियरमध्ये निघाली. काकांचे दोन्ही पाय जमिनीला लागत होते, इतकी हळू. खांबांमधून वळून, लिफ्टसमोरून, कचऱ्याच्या पिंपांपाशी. काकूंनी एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला होता आणि हेल्मेट त्यांच्या कानाशी नेऊन त्या काहीतरी बोलत होत्या. मला ऐकू आलं नाही. पण बोलणं थांबत नव्हतं.

फेरी संपवून दोघं आमच्यासमोर आली तेव्हा मलासुद्धा आवाज आला. टायर घालताना गॅरेजवाल्याने चेन ढिली ठेवली होती, ती खळखळत होती.

"अहो," काकू म्हणाल्या, "चेन वाजतेय."

"वाजू दे," काका म्हणाले, आणि न थांबता त्यांनी दुसऱ्या फेरीसाठी गाडी वळवली.