क्वार्टर नंबर सातचा अहवाल

सोनकांबळेंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे आणि मी सुटायचो. आज गमती सांगतो आणि पुढचंही सांगतो.

हा माणूस सरकारी पत्रासारखा बोलायचा. नांदेडच्या आमच्या ऑफिसात चहावाला आला की म्हणायचे, "विषय, साखर. संदर्भ, कालचा चहा. कालच्यापेक्षा कमी टाक." माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसले आणि वाढप्याला म्हणाले, "वरण मिळालं. भात प्रलंबित हाय." भांडणातही आवाज चढायचा नाही. "लेखी द्या," एवढंच म्हणायचे. लेखी देण्याइतकं भांडण कुणाकडेच नसायचं.

मसुदा त्यांच्यासारखा कुणाला जमायचा नाही. आस्थापनेचा बाबू मी, पण अवघड पत्र आलं की हळूच त्यांच्या टेबलावर सरकवायचो.

रोज ते भोकरहून एसटीने यायचे. घरी फक्त म्हातारी आई, डोळ्यांनी अधू, दिवसभर एकटी. म्हणून ऑफिसच्या आवारातल्या आठ क्वार्टरांपैकी एक त्यांना हवं होतं. सात नंबर रिकामंच होतं. त्यांचा अर्ज आला आणि दुसऱ्याच दिवशी क्वार्टरांच्या लाइनीतले तिघं माझ्याकडे आले. "आप्पा, नळ एकच हाय. बायामाणसं हायत. समजून घ्या."

सोनकांबळे बौद्ध. मी समजून घेतलं. यादीत सात नंबरपुढे लिहिलं, 'दुरुस्तीसाठी बंद'.

ती दुरुस्ती चार वर्षं चालली. एकदा त्या क्वार्टरात साहेबांच्या मेव्हण्याचं वऱ्हाड उतरलं. खिडकीतून बघत सोनकांबळे म्हणाले, "गवंडी लई नटून आले की, आप्पा."

मग त्यांनी मुंबईला, राज्याच्या मानवी हक्क आयोगाला पत्र लिहिलं. तक्रार नव्हती, चौकशी होती. 'एकच क्वार्टर माझ्यासाठी बंद व पाहुण्यांसाठी चालू असते. यास भेदभाव म्हणावे किंवा कसे, एवढे कृपया कळवावे.'

काही महिन्यांनी आयोगाने रीतीप्रमाणे आमच्या ऑफिसचा अहवाल मागवला. साहेबांनी ते पत्र माझ्यापुढे टाकलं. "यादी तुमच्या अक्षरात हाय. अहवालबी तुम्हीच लिहा."

रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. मला जेवण जाईना. पेन्शन अडकली तर? लिहायला बसलो की दोन ओळींपुढे अडायचो, आणि मान सवयीने सोनकांबळेंच्या टेबलाकडे वळायची. मग मी मसुद्यावर पेपर ओढून घ्यायचो.

पाचव्या दिवशी तेच उठून आले. "माझंच पत्र आलंय ना? आणा हिकडं. चार दिवस झाले, कागद तुम्हाला खाऊन राहिला."

मी मसुदा दिला. 'अर्जदाराशी कोणताही भेदभाव झालेला नाही. क्वार्टर दुरुस्तीसाठी बंद आहे.' त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि पेन काढलं.

"दुरुस्तीचं पत्र कुठं जोडलंय?"

"तसं पत्रच न्हाई."

"मग आयोग इचारील, बंद कुणी केलं? तुमच्यावर येईल."

त्यांनी एक कोरा कागद ओढून लिहिलं, 'मला क्वार्टरची आवश्यकता नाही. माझा अर्ज मागे घेत आहे.' खाली सही केली. "हे जोडा. अर्जच न्हाई म्हणल्यावर कुणी खोलात जात न्हाई."

"अन् तुमच्या आईचं?"

"आई जाऊन दोन महिने झाले, आप्पा. रजेची नोंद तुम्हीच घेतली की."

मला आठवलं. तीन दिवसांची रजा, कारण घरगुती. मी विचारलंही नव्हतं.

पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "रोज इचारायची, क्वार्टरचं काय झालं. मी म्हणायचो, दुरुस्ती चालू हाय. तिनं अर्धा जन्म आडापासून लांब उभं राहून पाणी घेतलं. पोरगा ऑफिसात बसला तरी तेच हाय, हे तिला कसं सांगू? तुम्ही यादीत लिहिलेलंच सांगत व्हतो."

मी तो कागद जोडला.

महिन्याभराने आयोगाचं उत्तर आलं. अहवाल व अर्जदाराचे पत्र पाहता प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. आयोगापुढे गेले ते कागद मीच पाठवलेले. भेदभाव म्हणावे किंवा कसे, ते राहूनच गेलं. म्हणावे. हे मला यादी लिहितानाच माहीत होतं.

रिटायर झाल्यावर मी लातूरला मुलाकडे राहायला आलो. सोनकांबळे वारले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, माफी मागायचीच म्हणून भोकरला गेलो. एसटीत वाक्य घोकत होतो, 'क्वार्टर मी अडवलं, माझं चुकलं.' त्यांनी स्वतः चहा केला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलीची केली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पेन्शनवर बोललो, उन्हावर बोललो आणि उठलो.

दारापर्यंत ते सोबत आले. "आप्पा, काही बोलायचं राह्यलं का?"

"न्हाई. गाडीची वेळ झाली."

गाडीला अजून दीड तास होता.