बिराप्पाचं निळं खोकं

"वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात लशीची खोकी वाहतोय मी! गार ठेवणारं खोकं कसं निवडायचं, ते मला शिकवू नका!" सांगलीच्या दुकानात बिराप्पाने छाती पुढे काढून सांगितलं.

कापडी पिशव्या त्याने हातसुद्धा न लावता नाकारल्या. लाल प्लॅस्टिकचा डबा अंगठ्याने दाबला, तो चेपला. शेवटी एका जाड निळ्या खोक्यावर तो चपला काढून चक्क उभा राहिला. खोकं हूं की चूं करेना! दवाखान्यातल्या लशीच्या खोक्याचा जुळा भाऊच जणू. बिराप्पाला तेच आवडलं, आणि घोळ तिथेच झाला.

ही खरेदी हौसेची नव्हती. होळीपासून आटपाडीकडचं ऊन असं पेटलं होतं, की बायकोने दिलेला दहीभात दुपारपर्यंत फसफसायचा. बिराप्पा तो गुपचूप दवाखान्यामागच्या कुत्र्यापुढे ठेवायचा. घरी गेल्यावर मंगल विचारायची, "जेवलासा का?" भाद्रपदात तिची आई सुलाबाई गेली, तेव्हापासून मंगल बोलायचीच थांबली होती. दिवसभरात तिच्या तोंडून निघायचा तो हा एवढाच प्रश्न! त्याला 'आंबलं हुतं' असं उत्तर कुठल्या तोंडाने द्यायचं?

"जेवलो की! लय झ्याक!" बिराप्पा रोज सांगायचा, आणि रोज त्याला स्वतःचीच लाज वाटायची. एक दिवस तरी तिला खरं सांगता यावं, एवढ्यासाठी हे खोकं होतं.

पहिल्याच दिवशी त्याला धुळातात्यांच्या वस्तीवर जायचं होतं. पावसाळ्याआधीची लस पुढच्या आठवड्यात येणार होती, त्यासाठी मेंढरांचा आकडा लिहून आणायचा, बस्स. अकरा वाजता त्याने गाडी लावली आणि खोकं लिंबाच्या सावलीत ठेवलं.

"लस आली रं!" धुळातात्यांनी हाळी दिली. माळावरून पोरं-बाप्ये मेंढरं जाळ्याच्या वाघरीकडे वळवायला धावले.

"आवं तात्या, लस न्हाई! ह्यात माजा डबा हाय!"

"डबा?" तात्या हसले. "आरं, आमाला काय येडं समजतोस? निळं खोकं आमी वळकतो."

"उघडून दावतो की!"

बिराप्पा खोक्याकडे वळला, तर म्हाताऱ्या बयाबाईने काठी आडवी घातली. "हात लावू नगंस! गेल्या साली तूच सांगितलं न्हवं? समदी मेंढरं वाघरीत आल्याबिगर खोकं उघडायचं न्हाई, लस मरती. मी म्हनलो तरी उघडू दिऊ नका, म्हनला हुतास!"

म्हणाला होता खरा. शब्द न् शब्द! वीस वर्षांत त्याचं एवढं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. बयाबाईने ओलं पोतं टाकून खोकं झाकलं आणि शेजारी ठाण मांडलं. बिराप्पाच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि हातभर अंतरावर त्याचा दहीभात थंडगार बसला होता.

तीन वाजता शेवटचं कोकरू वाघरीत शिरलं. तीनशे बारा मेंढरं, चौदा माणसं! बयाबाईने काठी बाजूला घेतली. बिराप्पाने झाकण उघडलं.

दहीभात, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

चौदा माणसं खोक्यात डोकावली. दिवसभराची चराई बुडालेली मेंढरं तेवढी ओरडत होती. बिराप्पाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि खोक्यासकट आपल्याला पोटात घ्यावं.

"जेव आता," धुळातात्या म्हणाले.

उपाशी जनावरांसमोर आणि चौदा माणसांच्या देखत एकट्याने कसा घास घ्यायचा? वस्तीची ती रीतच नव्हे. बिराप्पाने भाकरी मोडून वाटायला सुरुवात केली. त्याच्या वाट्याला शेवटी भाताची चार शितं आली.

"बायकूच्या हाताला चव हाय गड्या," बोटं चाटत बयाबाई म्हणाली.

संध्याकाळी तो उपाशीपोटी घरी पोचला.

"जेवलासा का?"

"न्हाई," बिराप्पा म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मंगल खाली मान घालून ऐकत राहिली.

"दही आंबलं हुतं?"

"आजिबात न्हाई! गार, ग्वाड!"

"मंजी रोज आंबत हुतं."

बिराप्पाने रिकामा डबा उगाच मोरीत नेऊन ठेवला.

"मला ठाव हुतं," मंगल म्हणाली. "होळीपास्नं डबा चाटूनपुसून लख्ख येतोय. घरात तुमी ताट कवा चाटलंय का? ती कुत्र्याची जीभ हाय, वळकतो मी."

आईच्या मागे एवढी वाक्यं ती पहिल्यांदाच बोलली होती. बिराप्पाला रडू येईना आणि हसूही येईना.

सकाळी उठून बघतो तर मंगलने भाकरींची ही एवढी चवड रचलेली! कपड्यात बांधून तिने ती त्याच्या हातात दिली. "वस्तीवर द्या. मेंढरं उपाशी ठिवलीसा त्यांची."

बिराप्पाने मोजल्या. सोळा. "चौदा त्यांच्या, एक माजी. ही सोळावी कुनाची गं?"

"त्या कुत्र्याची," मंगल म्हणाली. "माजं आंबल्यालं त्येनंच तेवढं ग्वाड मानून खाल्लं."